नोकरी ओळखीवरच लागते का? भरतीच्या टेबलामागून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा मुलगा. आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग बीई, दोन्हीकडे फर्स्ट क्लास. वर्षभरात चारशेच्या आसपास अर्ज केले, दोन फोन आले, त्यातला एक पैसे मागणाऱ्याचा. वर्गातला मित्र मार्कांनी याच्या मागे, पण मामाच्या शब्दावर चाकणला लागला. तर 'नोकरी ओळखीवरच लागत असेल तर आमच्यासारख्यांनी शिकायचं तरी कशाला?'

वयाने तुम्ही माझ्या मुलाएवढे असाल, तरी 'तुम्ही'च म्हणतो. इंटरव्ह्यू घेऊन घेऊन लागलेली सवय आहे. पुण्यात भरतीचं काम करतोय त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आधी भोसरी-चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत, मध्ये काही वर्षं हिंजवडीला आयटीत, आता पुन्हा कारखान्यांसाठी. तेव्हा सरळ सांगतो: हो, लागते. सगळ्या नाही, पण पुष्कळ. फक्त ती ज्या रीतीने लागते असं तुम्हाला वाटतंय, त्या रीतीने सहसा लागत नाही. ते नीट कळलं नाही तर माणूस नको त्या दारावर डोकं आपटत बसतो.

सोमवारी सकाळी आमच्याकडे काय होतं ते बघा. क्वालिटी इंजिनिअरची एक जागा आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोर्टलवर टाकली, सोमवारी साडेनऊला सहाशे ऐंशी अर्ज. माझ्या हाताखालच्या मुलीकडे अशा चौदा रिक्वायरमेंट उघड्या आहेत आणि प्लांटला गुरुवारपर्यंत पाच प्रोफाइल हवेत. ती 'सीएमएम' (मापं घेणारं यंत्र), 'एसपीसी', 'पीपॅप' असे क्वालिटीच्या कामातले शब्द टाकून चाळणी लावते. दीडशे उरतात. राहणार पुणे, पिंपरी, चाकण अशी दुसरी चाळणी. साठ उरतात. त्यातले वरचे तीसेक उघडते. एका बायोडेटावर तिची नजर अर्धा मिनिटसुद्धा ठरत नाही. सहा-सात बरे सापडले की थांबते, कारण पाचच पाठवायचेत. उरलेल्या साडेसहाशे लोकांना कुणी नापास केलेलं नसतं, त्यांचा कागद उघडलाच गेलेला नसतो. तुमचे चारशे अर्ज बहुतेक असल्याच ढिगांत आहेत. तेव्हा 'मीच कमी पडतो' हा निष्कर्ष एवढ्यात काढू नका. तुम्हाला अजून कुणी तपासलेलंच नाही.

तेवढ्यात प्रॉडक्शनच्या एका सुपरवायझरचा व्हॉट्सॲप येतो. 'मॅडम, ओळखीतला मुलगा आहे, दीड वर्ष क्वालिटीला काम केलंय, बघा जरा.' खाली पीडीएफ. ती उघडते आणि पूर्ण वाचते, कारण दोन तासांनी तोच सुपरवायझर कँटीनमध्ये भेटणार आहे आणि 'बघितला का' असं विचारणार आहे. यात कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी दबाव आणला नाही. मुलगा पुढे इंटरव्ह्यूत पडलाही असता. पण सहाशे ऐंशीतून त्याचा कागद वाचला गेला, म्हणजे अर्धं काम झालं.

याला लोक वशिला म्हणतात. मी म्हणत नाही. वशिल्याचं तट्टू मी पाहिलंय: साहेबांचा भाचा म्हणून आलेला, पहिल्या दिवशी मायक्रोमीटर उलटा धरणारा, आणि दोन वर्षं कुणी काढू न शकलेला. पण असे मोजके. सगळा राग त्यांच्यावर निघतो आणि 'बघा जरा' नजरेतून सुटतं. 'बघा जरा' म्हणणाऱ्याच्या मनात कुणाचंही वाईट नसतं, वाचणारीच्याही नसतं. तरीही तो निरोप कुणासाठी येतो हे आत आधीपासून कोण बसलंय यावर ठरतं. आत कोण आहे याचा एक आकडा सांगतो. देशातल्या मोठ्या हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांची जातवार पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. ९३ टक्के सदस्य उच्च जातींतले निघाले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. आता त्या खोलीतून 'बघा जरा' निघालं तर ते कुणाच्या पुतण्यासाठी असेल?

इथे एक गैरसमज काढून टाकू. गरिबाकडे ओळखी नसतात असं आपण धरून चालतो. तुम्ही परभणीचे, तुम्हाला हे मी सांगायला नको. दिवाळीच्या तोंडावर बीड-परभणीकडून ट्रॅक्टर-ट्रक भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात, त्या जाहिरात वाचून जातात का? मुकादम गावातला, ओळखीतला. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्याच्याच शब्दावर. ओळख घट्ट आहे, एका फोनवर काम मिळतं. पण ती फडावर नेऊन सोडते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच फडावर.

माझं घरचंच सांगतो. वडील पाटण तालुक्यातून १९६४ ला लालबागला आले, ते चुलत्याच्या मागून. गावकीचा गाळा होता. दहा बाय पंधराच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं पाळीपाळीने झोपायची, भिंतीवर प्रत्येकाची खुंटी, खुंटीला पिशवी, तीच त्याची मुंबईतली मालमत्ता. चुलता साचेखात्यात होता, साचेखातं म्हणजे विणकाम. त्याने जॉबरच्या, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, कानावर घातलं, 'पुतण्या आलाय.' वडील काही दिवस पहाटे गेटवर बदलीला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी काम मिळावं म्हणून, उभे राहिले आणि मग चिकटले. मुंबईच्या गिरण्या पिढ्यान्पिढ्या अशाच भरल्या गेल्या. जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं आणायचा. त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे कमिशन, घ्यायचा, उधारीची हमी द्यायचा, आणि माणूस पळाला तर गावात त्याचं घर त्याला माहीत असायचं. मालकाला सगळं सोयीचं. मालकसंघाने १९३५ च्या सुमारास बदली कामगारांना कार्डं देऊन जॉबरचा हात आखडायचा प्रयत्न केला. पण वडिलांच्या वेळीही कामाला माणूस लावायचा तर आधी गाववाला शोधायचा, हा रिवाज कायम होता.

या साचेखात्याची दुसरी बाजू मला बरीच उशिरा कळली. तिथे पगार चांगला, आणि दलित कामगारांना तिथे घेत नसत. कारण काय, तर धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, धाग्याची नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावा लागे. ज्या धोट्याला त्यांचं तोंड लागलं त्याला आपलं कसं लावायचं, असं बाकीच्या कामगारांचं म्हणणं. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला: हक्कांच्या यादीत आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम, हेही आलं पाहिजे. म्हणजे ज्या गाळ्याच्या माणुसकीच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो, त्याच गाळ्यातल्या ओळखीने दुसऱ्या कुणासाठी तरी दार लावून घेतलं होतं. वडील दाराच्या आतल्या बाजूला होते. त्यांनी कुणाला अडवलं नाही. त्यांना अडवायची गरजच नव्हती.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी दहा वर्षांचा होतो. तेव्हा जे दिसलं त्याचा अर्थ मला भरतीत आल्यावर लागला. आमच्या वडिलांना शेकड्याने माणसं ओळखत होती, नावानिशी, घरानिशी. आणि त्यातल्या एकालाही दुसरीकडे काम कुठे आहे ते माहीत नव्हतं, कारण सगळे त्याच बंद गेटबाहेर बसलेले. ज्याच्याकडे शब्द टाकायचा तोच बेकार. काही चुलते वाशीच्या मार्केटला माथाडीच्या टोळीत गेले, तीही गावचीच टोळी. बरेच गावाला परतले.

दादरच्या मराठी घरांवर अर्थशास्त्रज्ञ कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी केलेला अभ्यास मला म्हणूनच फार जवळचा वाटतो. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९८२ ते २००१ या वीस वर्षांत दादरच्या शाळांत पहिलीत गेलेली मुलं, सुमारे ४,९०० घरं. प्रश्न साधा: मुलाला मराठी माध्यमात घातलं की इंग्रजी? नव्वदनंतर इंग्रजी येणाऱ्याचा पगार भराभर वाढत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. तरीही ज्या जातींची माणसं पिढ्यान्पिढ्या गिरण्या-कारखान्यांत होती, त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. कारण मराठी शाळा, मग काका-मामाच्या ओळखीने कारखान्यात, ही वाट मळलेली होती. मुलींना त्या वाटेवर जागाच नव्हती. जॉबर काही पुतणीला घेऊन गेटवर जात नव्हता. म्हणून त्याच घरांतल्या मुली इंग्रजी माध्यमात जायला मोकळ्या राहिल्या, आणि पुढे निघाल्या. ज्यांना जातीच्या जाळ्याने काहीच दिलं नव्हतं, त्यांना त्याने अडकवलंही नाही. आमच्या चुलतभावाकडे हेच झालं. मुलगा आज कंत्राटी सिक्युरिटीत आहे, मुलगी ठाण्यात विमा कंपनीत टीम सांभाळते. भाऊबीजेला दोघं शेजारी बसलेली बघताना मला दर वेळी ते दादर आठवतं.

म्हणून मित्राच्या मामाबद्दल तुम्हाला जे वाटतं, ते थोडं बाजूला ठेवा. ओळखी किती आहेत याला माझ्या लेखी फार किंमत नाही. त्या सगळ्या एकाच गावात, एकाच धंद्यात, एकाच जातीत घुटमळतात की बाहेर कुठे निघतात, हे बघायचं.

याचा अर्थ ओळख मिळवली की सगळं समान, असाही नाही. आमच्या टेबलावर आडनाव वाचता येतं. मराठी माणसाला तर आडनावावरून, आडनाव फसवं असेल तर गावावरून, आणि तेही पुरलं नाही तर 'तुम्ही कुठले देशमुख?' असं विचारून सगळं कळतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखाच. फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाला बोलावणं येण्याची शक्यता १ धरली तर दलित नावाची ०.६७ निघाली, मुस्लिम नावाची ०.३३. या नोकऱ्या खासगी कंपन्यांतल्या, शिकलेल्यांसाठीच्या होत्या, आणि हा फक्त कागद बघण्याचा टप्पा. ज्याचा कागद असा मागे पडतो, त्याला आतल्या माणसाची गरज सगळ्यात जास्त, आणि आत त्याचा माणूस असण्याची शक्यता सगळ्यात कमी.

याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या पंचवीस एचआर मॅनेजरांशी बोलून लिहिलं की हे सगळे लोक 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' असं म्हणतात आणि त्याच दमात 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतात. ते वाचलं तेव्हा मी वैतागलो होतो. कारण मीही पहिली दहा वर्षं प्रत्येकाला 'वडील काय करतात?' असं विचारायचो. मुलाचा ताण कमी व्हावा म्हणून, असं माझं मत. मग एकदा एक मुलगा समोर बसला. ड्रॉइंग वाचण्यात पक्का, टॉलरन्सचा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. मी नेहमीसारखं विचारलं. 'शेती,' म्हणाला आणि खाली बघायला लागला. किती एकर, मी आणखी मोकळेपणाने. तो गप्प. त्यानंतरची सगळी उत्तरं तुटक आली, आणि आमच्या पॅनेलवरच्या साहेबांनी शेरा मारला, 'कॉन्फिडन्स कमी.' मी त्यावर सही केली. आठवड्याने त्याच्या सोबत आलेल्या मुलाकडून कळलं: जमीन नाही, आई-बाप कोयत्यावर. कॉन्फिडन्स त्याने सोबत आणला होता, मी काढून घेतला. तो प्रश्न मी सोडला. पण तो मुलगा कुठे आहे ते मला आजवर माहीत नाही.

सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका का भरलेल्या आहेत हे विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. मुलांना सरकारी नोकरीचा सोस आहे हे खरं, पण त्याहून मोठं कारण म्हणजे परीक्षेच्या पेपरला 'वडील काय करतात' हा रकाना नसतो. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, त्याचं खेड्यांत स्वागत झालं ते याचसाठी.

आता तुमच्याकडे वळतो.

बोस्टनजवळच्या न्यूटन गावात मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास २८२ नोकरदारांना विचारलं, ही नोकरी कशी कळली? निम्म्याहून जास्त, ५६ टक्के, ओळखीतून. आपल्याला यात नवल काहीच नाही. नवल पुढे आहे. ज्याने नोकरी सांगितली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा, असं विचारल्यावर 'नेहमी' म्हणणारे सहातला एक. बाकीच्यांना सांगणारे कधीमधी किंवा क्वचित भेटणारे. जवळच्या माणसाला जे माहीत तेच आपल्यालाही माहीत असतं. लांबचा माणूस दुसऱ्या घोळक्यात वावरतो, तिथली बातमी आणतो.

मला भोसरीची पहिली नोकरी कुणी सांगितली? गावकीतल्या कुणी नाही. लालबागच्या वाचनालयात सकाळी पेपर वाचायला येणारे एक निवृत्त टाइमकीपर होते. वर्षभरात आमचं चार वाक्यं बोलणं झालं असेल. एक दिवस पेपरची घडी घालता घालता म्हणाले, 'आमच्या मेव्हण्याकडे टाइम ऑफिसला पोरगा हवाय. शनिवारी जा, रविवारी सुट्टी असते.' गेलो. एवढंच.

अलीकडे, २०२२ मध्ये, लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. तिथेही मध्यम-लांबच्या ओळखीच जास्त कामी आल्या. पण त्यात एक पोटकलम आहे आणि ते तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे: जिथे काम संगणकावर कमी, तिथे घट्ट ओळख जास्त चालते. कारखान्यात असंच आहे. लिंक्डइनवर हजार जणांना 'कनेक्ट' पाठवून क्वालिटीची नोकरी लागलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. इथे 'याला काम करताना मी बघितलंय' असं म्हणणारा कुणीतरी लागतो.

तर असा माणूस शोधायचा जो तुमच्या घोळक्यातला नाही, एका कारखान्यात अडकलेला नाही, आणि ज्याच्या समोर तुमचं काम येऊ शकतं. कोण असतो असा? एचआर मॅनेजर नाही. प्लांट हेड तर नाहीच. कॅलिब्रेशन लॅबचा, म्हणजे मोजायची साधनं अचूक आहेत का ते तपासणाऱ्या लॅबचा, मुलगा असतो! दर काही महिन्यांनी तो व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेज गोळा करायला वीस-वीस कारखान्यांच्या क्वालिटी डिपार्टमेंटला जातो. कुठे माणूस सोडून गेला, कुठे नवी लाइन येतेय, कुठला साहेब कटकट्या आहे, त्याला सगळं माहीत. तसाच टूल आणि इन्सर्ट विकणारा, सीएमएमच्या सर्व्हिसला येणारा, फिक्स्चर बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपचा मालक. गेल्या काही वर्षांत मी घेतलेला सगळ्यात चांगला क्वालिटीचा मुलगा गंगाखेडकडचा होता. डिग्री असून तो भोसरीत एका लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर गेज मोजत बसला होता, आणि त्याचे वर्गमित्र त्याला हसत होते. दीड वर्षात त्याला पन्नासेक इन्स्पेक्टर तोंडओळखीचे झाले. आमच्या एका इन्स्पेक्टरने स्वतःहून सांगितलं, 'सर, लॅबचा तो पोरगा घ्या, रिपोर्टमध्ये खाडाखोड नसते.' खाडाखोड नसते! असली शिफारस मामा देऊ शकत नाही.

म्हणून पहिली नोकरी पगार बघून निवडू नका, तिथे किती वेगवेगळ्या कारखान्यांची माणसं येतात-जातात ते बघा. सगळ्यांना हे परवडत नाही, कल्पना आहे. घरी उचल फेडायची असेल तर दीड वर्ष कमी पगारावर काढा हा सल्ला फुकट वाटतो, आणि तो देणाऱ्याने ते लक्षात ठेवायला हवं. ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे तो दीड वर्ष थांबू शकतो. तुम्हाला कॉट बेसिसचं भाडं पहिल्या महिन्यापासून भरायचंय. थांबायची ताकद हीसुद्धा वारशात मिळते.

दुसरं, कॉलेजचे सीनियर. पंधरा वर्षं पुढे गेलेले नकोत, ते भाषणं देतात. दोन-तीन वर्षं पुढचे धरा. त्यांना स्वतःचे धक्के अजून आठवतात, आणि रेफरलच्या पोर्टलवर नाव टाकलं तर त्यांनाही चार पैसे मिळतात. पण मेसेज नीट लिहा. मला येणारे शंभरातले नव्वद असे असतात: 'सर प्लीज हेल्प, कुठलाही जॉब असेल तर बघा, खूप गरज आहे.' वाईट वाटतं आणि काहीही करता येत नाही. 'कुठलाही' हा शब्द मी कुठल्या खात्याकडे पाठवू? त्याऐवजी असं:

'दादा, मी आपल्याच कॉलेजचा, २०२४ ची बॅच. तुमच्या कंपनीच्या साइटवर क्वालिटी ट्रेनीची जागा दिसली, जॉब आयडी खाली देतोय. प्रोजेक्टला ब्रेक डिस्कच्या रनआउटवर काम केलं होतं. तुमच्याकडे लाइन इन्स्पेक्शनला नवीन मुलाला आधी काय करावं लागतं, एवढं दहा मिनिटं सांगाल का? रविवारी तुम्हाला जमेल तेव्हा फोन करतो.'

यात नोकरी मागितलेली नाही, बायोडेटा डकवलेला नाही. कामाबद्दल विचारलं की माणूस खुलतो. आपल्या कामाबद्दल कुणी विचारणारं घरी नसतं. त्या दहा मिनिटांत तुम्हाला तीन शब्द असे मिळतील जे तुमच्या बायोडेटात नाहीत आणि ज्यांच्यामुळे तो सोमवारच्या चाळणीत अडकतोय. मग तोच विचारेल, 'पाठव बायोडेटा.' नाही विचारलं तर शेवटी तुम्ही विचारा, लाजू नका. आपल्याकडच्या मुलांना मागणं म्हणजे लाचारी वाटते. वरच्या घरांतल्या मुलांना ते लहानपणापासून साधं बोलणं वाटतं, आणि हा फरक मार्कांपेक्षा मोठा पडतो.

आणि पैसे मागणारी ओळख ही ओळख नव्हे. 'आत माणूस आहे, पन्नास हजार द्या, परमनंट करतो' म्हणणारा आत कुणालाही ओळखत नसतो. बऱ्याचदा ठेकेदाराकडे सहा महिन्यांच्या कंत्राटावर ढकलतो आणि नंबर बदलतो. पेरोल कुणाचा, हे ऑफर लेटरवर वाचल्याशिवाय गाव सोडू नका.

माझ्यासारख्यांनी काय करायचं, हेही कुणी विचारत नाही म्हणून सांगून टाकतो. एका कंपनीत मी आठ महिने बायोडेट्यावरची नावं, गावं, कॉलेजं झाकून प्लांटला पाठवली. शॉर्टलिस्ट बदलली. फार नाही, पण दिसण्याइतकी. मग ऑर्डर आली, महिन्यात ऐंशी माणसं हवी झाली, आणि प्लांट हेड म्हणाले, 'ती झाकाझाकी पुरे, आपल्या पोरांना सांगा माणसं आणायला.' पोरांनी आणली. कुठल्या दोन तालुक्यांतून आणली ते मी न बघता सांगू शकलो असतो. कोलकात्यातल्या एका प्रयोगात असं दिसलंय की शिफारस करणाऱ्याचं बक्षीस आणलेल्या माणसाच्या कामावर ठरवलं, तर लोक नातेवाइकांऐवजी सहकाऱ्यांची नावं देऊ लागतात. मी ते लावून पाहायचं ठरवलं होतं, फायनान्सने 'क्लिष्ट होईल' म्हणून परत पाठवलं. सध्या एकच नियम पाळतो: ओळखीतून आलेला एक बायोडेटा इंटरव्ह्यूला पाठवला, तर न उघडलेल्या ढिगातला एक पाठवायचा. हाताखालच्या मुलीला काम वाढतं, ती कुरकुरते. पाठवते मात्र.

तुमच्या बाबतीत सुरुवात कुठून करायची, तर त्या मित्रापासून. मामामुळे लागला म्हणून तुम्ही त्याच्याशी बोलणं कमी केलं असणार, प्रश्नातच जाणवतंय. तो आता चाकणला आत आहे, तुमच्या पाहण्यातल्या कुणापेक्षाही जास्त गोष्टी रोज बघतो. त्याला मामाबद्दल काही बोलू नका. त्यांच्याकडे गेज कुठल्या लॅबला जातात आणि ते न्यायला कोण येतं, एवढं विचारा. दुसऱ्या पाळीला असेल तर आधी फोन करून उपयोग नाही, मोबाइल गेटवर लॉकरमध्ये असतो. मध्यरात्रीनंतर कंपनीची बस सुटली की खोलीवर पोचेपर्यंत त्याला अर्धा-पाऊण तास मोकळा असतो. तेव्हा करा.